साहेब आर्ग्युमेंटला आहेत

नवी पेठेत, चपलांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्याला उंबरजे वकिलांचं ऑफिस.
जिना उभा. मी पायरीपायरीला थांबते.
चामड्याचा वास माझ्या आधी वर पोचतो.

गुरुसिद्ध कारकून खुर्ची सरकवतो
आणि मी विचारायच्या आत सांगतो,
साहेब आर्ग्युमेंटला आहेत.
मार्चात आर्ग्युमेंटला होते.
मेमध्ये, डांबर चपलेला चिकटत होतं,
तेव्हाही आर्ग्युमेंटला होते.
एवढं कुणाशी भांडतात?
मी नवऱ्याशी सगळ्या जन्मात एवढी भांडले नाही.

अडीच हजार आगाऊ दिलेत.
अडीच हजाराच्या विड्या किती,
हा हिशोब मी जिना उतरताना धरते,
खाली रस्ता येतो, हिशोब राहतो.

चाळीस वर्षं मांडीवर सूप होतं.
पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा,
पंचवीसचा कट्टा, हजाराचा दिवस.
एक विडी सैल निघाली की छाट,
तोंडावर फेकायचे.
मसुदा कधी देणार, एवढंच विचारलं
तर गुरुसिद्ध म्हणाला, मावशी, मरणाची काय घाई आहे?

मरणाची नाही रे बाबा.
कागदाची आहे.

घर माझ्या नावावर आहे. दोन खोल्या, वर पत्रा,
मागं मोरी, मोरीपाशी शेवग्याचं झाड.
नागेश भिवंडीला गेला तो तिथलाच झाला.
नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या मिरवणुकीला येतो,
दोन दिवस राहतो, भिंती ठोकून बघतो,
किती येतील म्हणतो.
भिंतीच्या आत कोण राहतं
ते विचारत नाही.

म्हणून वकिलांना सांगितलं होतं,
हळू आवाजात, दार लोटून,
सगळं भाग्यलक्ष्मीच्या नावे.
शेवगासुद्धा, लिहा.
त्यांनी लिहून घेतलं की नुसतं पेन फिरवलं,
आता देवाला माहीत.

माझ्या अंगठ्याच्या रेघा विड्यांनी खाल्ल्या.
रेशनचं मशीन मला ओळखत नाही.
म्हणून साठीनंतर सही शिकले.
भाग्यलक्ष्मीनंच हात धरून गिरवून घेतली
पोराच्या चाररेघी वहीत.
न, अर्धा र, स, अर्धा म, म.
नर्सम्मा.
ती पानं मी जपून ठेवलीत, कशासाठी ते तिला ठाऊक नाही.

साक्षीला दोघी सांगून ठेवल्या होत्या.
राजेश्वरी बोद्धूल आषाढात गेली.
सकाळी तिनं माझ्याकडून मीठ नेलं होतं.
आता दुसरी शोधायला हवी,
तब्येतीनं धड, तोंडानं बंद.
आमच्या गल्लीत असली एक बाई मिळणं
म्हणजे वकील भेटण्याइतकंच.

फोन मला लावता येत नाही.
बटणं बारीक, बोटं जाड.
भाग्यलक्ष्मीच लावून देते.
पेन्शनचं काम आहे म्हणून सांगितलंय तिला.
तिकडं गाणं वाजतं, गणपतीचं,
पुरं वाजतं, मग बाई इंग्रजीत काहीतरी बोलते,
मग काही नाही.

आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो.
रात्री दोनला का होईना, येतो.
घागरी लावून आम्ही दोघी उंबऱ्यात बसतो,
अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, अर्धी झोप.

काल तशाच बसलो होतो.
ती एकदम म्हणाली, सोडा की अत्तम्मा त्या माणसाला.
सहा महिने झाले. तो चोर आहे.
तुमचे गुडघे गेले त्याच्या जिन्यात.
आणि मिळणार किती त्यातून?
मी चालवते की घर. तुम्हाला काय कमी केलंय मी?

घागर भरून वाहायला लागली.
दोघींपैकी कुणी उठलं नाही.

माझ्या जिभेवर दोन खोल्या आल्या,
शेवगा आला, पत्रा आला.
गिळला सगळा.
लिहून झालेलं नाही ते बोलू नये.

नळ बंद कर म्हटलं.
आणि सकाळी दहा वाजले की
लाव अजून एकदा.