हिराकस

लिंबाची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या,
तेव्हा लोटन म्हणाला, मावशी, झाडाला लोखंड कमी पडतंय.
चोपड्याच्या बाजारातून त्यानं हिराकसची पुडी आणली,
फिकट हिरवी, खडीसाखरेसारखी,
कुंडीत मूठभर, वरून बादलीभर पाणी.
पाणी कुंडीच्या बुडातून निघालं
आणि ओट्याच्या शहाबादीवर
रात्रभर मुक्कामाला राहिलं.

सकाळी फरशीवर गंज.
तांबडा ओघळ, थेट पायरीपर्यंत,
आणि लोटनच्या चपलेचा एक अर्धा ठसा, टाच नसलेला.
झाड मात्र महिन्याभरात हिरवंगार.

समोरून सुपडाबाई ओरडल्या,
"निंबू घस ना वं माय, बठी काय राहिनी?"
त्याच झाडाचं पहिलं लिंबू कापलं,
कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं पिळलं.
फरशी हळूच फसफसली.
डाग होता तिथंच. झिलई तेवढी गेली,
तळहाताएवढा पांढुरका चंद्र ठेवून.

मला कळायला हवं होतं.
तेवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
सर दरवर्षी हेच दाखवायचे:
चुनखडीवर आम्लाचे दोन थेंब, बुडबुडे, मुलांचा गलका,
आणि नंतर परीक्षानळ्या धुवायला मी.
शहाबादी म्हणजे चुनखडीच की.
पायाखाली आली म्हणून विसरले.

मग वाण्याकडून दहा रुपयांचं लिंबूसत्व,
पाण्यात विरघळवून त्यात खायचा सोडा
चिमटीचिमटीनं,
फसफस थांबेपर्यंत.
आंबटपणा मरतो, लोखंड धरायची सवय उरते त्याला.
हे सरांनी नव्हतं शिकवलं,
बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुसता पुसता आलेलं.
मुलतानी माती, थोडं ग्लिसरीन,
थालीपिठाच्या पिठाइतकं सैल,
बोटभर जाड थापलं.
चैत्रातलं चोपड्याचं ऊन घटकेत सगळं वाळवील
म्हणून वर केळीचं पान, कडांना विटांचे तुकडे.

दोन दिवसांनी पान काढलं, वाळू दिलं,
लाकडी पट्टीनं खरवडलं.
माती पिवळी निघाली. डाग एक बोट मागे सरकलेला.
पुन्हा.
पुन्हा.
लोटन रोज यायचा, वाकून बघायचा
आणि काही न बोलता बादल्या भरून ठेवायचा.
चौथ्या खेपेला ओघळ गेला.
तो टाच नसलेला ठसा पाचव्या खेपेला गेला,
का कोण जाणे.

इद्रीस मिस्तरी सीलरचा डबा घेऊन आला,
दगडाला कान लावावा तसा वाकला.
"दोन दिस कोरडी राहू द्या, आपा. आत ओल कोंडली
तर वर दूध सांडल्यागत दिसेल जन्मभर."
दोन दिवस ओट्यावर पाण्याचा थेंब नाही.
सुपडाबाईंच्या कोंबड्यांनासुद्धा वळसा.
मग ब्रश, पातळ हात,
वर राहिलेलं फडक्यानं पुसणं, पुन्हा एक हात.
कोपऱ्यातल्या चंद्रापाशी आला तसं मी म्हटलं,
एवढं राहू द्या.
"तिथूनच शिरेल बघा पुढचा डाग."
शिरू दे, म्हटलं.
कारण त्यानं विचारलं नाही,
विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा पाणी मारलं.
उन्हाळ्यात ही फरशी तांब्यातांब्यानं प्यायची,
तापल्या दगडाचा वास सुटायचा,
मग अंथरुणं पडायची ओट्यावर.
आज थेंब नुसते उभे,
पाऱ्यासारखे, कुठं जावं ते न कळून.
वास नाही.
"काचसारखी चमकी राहिनी!" सुपडाबाई म्हणाल्या.
लोटननं कुंडीखाली जुनी परात सरकवली,
आवाज न करता.

मी कोपऱ्यात गेले. तांब्यात उरलेलं पाणी
त्या तळहाताएवढ्या जागेवर ओतलं.
ते प्यायला दगडाला
मोजून दहा श्वास लागले.