पारख

करजगावच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी
पोत्यावर पाच कट्यारी.
"गाविलगडच्या हायेत ना जी,"
सुपडू सोळंके म्हणतो, भात्याकडं बघत.

थुंकी लावून बोट फिरवतो.
नारिंगी गंज लगेच बोटाला येतो:
चिंच, मीठ,
फार तर दोन पावसाळे उकिरड्यात.
जुना गंज काळा, हाडात मुरलेला,
बोटाला काही देत नाही.

सहावी त्याच्या मांडीखाली.
मुठीत माझा पंजा मावत नाही.
पातं एकाच अंगानं झिजलेलं,
धनी डावखुरा असावा.

"हिचे किती?"
"ते इकाची नाही, भाऊ.
सुतळी कापतो मी तिनं."
कापून दाखवली. डाव्या हातानं.

पाचांतली एक घेतली, भाव न करता.
गंज अजून बोटावर आहे.