तांबडी दहाची

मत्रहच्या बाजारात, बंदराच्या मागल्या अंगाला,
एक बलुची म्हातारा भंगार मांडून बसतो:
मुक्या पडलेल्या टॉर्च, किल्ल्या हरवलेली पितळी कुलपं,
आणि कच्छी व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या,
खजुराचा, सुक्या लिंबांचा, कापडाचा जमाखर्च.
मी वही घेतली ती नुसत्या तिच्या लाल पुठ्ठ्यासाठी.
पाचशे बैसा. घासाघीस केली नाही.
खोलीवर येऊन पानं चाळली
तर बुडीत खात्यापाशी
ती होती.

दहा रुपये. आपलेच.
तोच खांब, तेच सिंह,
फक्त रंग तांबडा
आणि आकड्याआधी एक झेड,
जणू दत्तक गेलेला भाऊ
नवं आडनाव लावून समोर आला.

ही नोट फक्त इथेच चालायची.
मुंबईत हिच्यावर कुणी चहा पाजला नसता.
आखातासाठी छापली, आखातानेच मोडीत काढली.
हे कळलं तेव्हा मला हसू आलं,
आणि का आलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

रुवीच्या नाणेवाल्याकडे आडून चौकशी केली.
एखाद्याकडे असलीच तर?
त्याने चष्मा काढला, पुसला, आकडा सांगितला.
मी म्हटलं, छे, आमच्याकडे कुठली.
तेवढं एकच खोटं.
बाकीची सगळी त्याच्या पोटची.

खोलीत आम्ही सहा:
वेंगुर्ल्याचा सगुण, बाणकोटचा दिलदार मुकादम,
सिल्हेटचा रोफिक, त्रिचूरचे दोघे भाऊ, आणि मी.
लपवायला जागा म्हणजे काय,
एकाची उशी दुसऱ्याच्या पायाशी.
शेवटी एसीच्या गॅरंटीचे कागद सापडले.
ते जगात कुणीच वाचत नाही.

शुक्रवारी तिघे नमाजाला, दोघे मासळीला,
आणि मला चाळीस मिनिटं.
बोटं धुऊन, पुसून, कडेला धरून
मी मागची बाजू बघायचो:
शिडाचं गलबत, वारा पोटभर,
आणि साठ वर्षं जागचं हललेलं नाही.

एक सुट्टी तिच्यापायी गेली.
बरोबर न्यावी तर भीती, ठेवून जावी तर भीती.
बायकोला सांगितलं, साहेब सोडत नाही.
ती म्हणाली, बरं.
फोनवरचं ते 'बरं'
नाणेवाल्याच्या आकड्यातून वजा करायचं
माझ्या अजून राहिलंय.

मग एका शुक्रवारी पाकीट उघडलं
आणि गलबत वर होतं.

मी नेहमी सिंह वर ठेवतो.

विचारणार कुणाला? विचारणं म्हणजेच सांगणं.
आठवडाभर मी माणसं वाचली:
सगुण कांदा कापताना, रोफिक शीळ घालताना,
दिलदार इस्त्री फिरवताना
कॉलरपाशी जरा जास्त थांबतो का.
चोर असता तर सोपं होतं. चोराला किंमत कळते.
हा नुसता बघून गेला होता,
बघून, जपून, परत ठेवून.

मी सिंह वर ठेवले.
पुढल्या शुक्रवारी गलबत.
पुन्हा सिंह. पुन्हा गलबत.
मी आधी चिडलो. मग, खोटं कशाला बोलू,
गुरुवारपासूनच वाट बघायला लागलो.

परवा एसी बंद पडला. बाहेर पंचेचाळीस.
दुरुस्तीवाला शिडीवरून म्हणाला,
गॅरंटीचे कागद असतील तर फुकट होईल.
पत्र्याच्या पेटीवर, पलंगांवर, दारात
आम्ही सहाच्या सहा.
'नाहीत' म्हणायला मी तोंड उघडलं,
तर माझ्याआधीच
तिघे एकदम म्हणाले:
नाहीत.

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.
पंधरा रियाल झाले.
माणशी अडीच.