आत कुणी आहे का

शॉटच्या आधी खोली पाहून यायचं काम माझं.
चार कोपरे, चार बटणं.
प्रत्येक कोपऱ्यात थांबून मोठ्यानं विचारायचं:
आत कुणी आहे का?
एकोणीस वर्षं रिकाम्या खोलीला हाका मारतोय.
खोलीनं एकदाही ओ दिली नाही,
त्याचाच मला पगार मिळतो.

सेगेडच्या वेशीबाहेर, सूर्यफुलांच्या शेताला लागून
आमची बिनखिडक्यांची इमारत.
बायको रोज विचारते,
आज काय उजेड पाडलात?
खरं सांगू? पुसत होतो.
आरसे पुसले, नळ्या पुसल्या,
पुसलेलं बॅटरीच्या तिरप्या झोतात पुन्हा पाहिलं.
मग काच निवायची वाट पाहिली, चाळीस मिनिटं.
तेवढ्यात चॉन्गोरचं शब्दकोडं निम्मं होतं,
आणि बोरोका वहीत लिहिते:
पोकळी ठीक. तीन नंबरचा पंप कुरकुरतोय.
काल लिहिलं होतं तेच.

एटेल्का सोन्याचा पापुद्रा चौकटीवर चिकटवायची,
श्वास लागला तरी फाटेल असा.
तिच्या टेबलाशी शिंकायचं नाही, हसायचं नाही.
नवऱ्याला पुरून तिसऱ्या दिवशी ती आली,
हात धुतले, टोपीत केस कोंबले.
त्या दिवशी पंधरातला एकही फाटला नाही.
आम्ही त्यावर काही बोललो नाही.

जूनमध्ये तिसा नदी फुलते, असं इथले लोक म्हणतात.
म्हणजे तीन वर्षं चिखलात काढलेले किडे
एका संध्याकाळपुरते पंख घेऊन वर येतात.
त्यातला एक पंख कुणाच्या तरी पँटच्या घडीत बसून
तीन दारं, दोन झबली, एक चिकट पायपुसणं ओलांडून
आत आला.
सात नंबरच्या आरशावर खसखशीएवढा खड्डा.
आठ महिने घासून आलेला आरसा.
बोरोकानं लिहिलं, कारण: अज्ञात.
मग ते खोडलं आणि लिहिलं: नदी.

चॉन्गोरनं एकदा कोड्याच्या समासात हिशोब मांडला.
चार हजारांवर शॉट,
सगळ्यांचा उजेड एकापुढे एक जोडला
तर पापणी लवायला लागण्याआधीच संपतो.
एवढंच? मी म्हटलं.
एवढंच, तो म्हणाला, आणि
आडवं अकरा, पाच अक्षरी, जलपक्षी, सुचतोय का?

आज पहिल्या कोपऱ्यात विचारलं. दुसऱ्या. तिसऱ्या.
चौथ्यात एटेल्काचं स्टूल,
अजून तिच्याच उंचीला लावलेलं.
शुक्रवारी तिला घड्याळ दिलं, केक कापला,
तिनं उरलेला तुकडा कागदात गुंडाळून नेला.
बटणावर बोट ठेवून
जरा जास्तच वेळ थांबलो असेन.
बाहेर आलो, दार ओढलं.
बोरोकानं भुवई उंचावली.
कुणी नाही, म्हटलं.
चार्ज कर.