तर्री

ऐरोलीत, सेक्टर आठच्या कोपऱ्यावर
अठ्ठावीस वर्षं मी मिसळ विकतो.
पहाटे साडेचारला कांदा तेलात पडतो
आणि तेल कांद्याच्या दोन बोटं वर असतं.
तसंच लागतं ते. तर्री म्हणजे तेच,
लाल, वर तरंगणारं,
खालच्या रश्शाशी नातं नसल्यासारखं.

डॉक्टर कुरुपांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला,
एकशे ब्याण्णववर बोट ठेवलं.
"मढवी, रक्तातही तर्री येते."
त्यांना माझी भाषा येते, कारण दर रविवारी
ते दोन पार्सल नेतात, तर्री जास्तीची.
त्या रविवारांचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

द्रौपदाने त्याच संध्याकाळी तेलाची बरणी माळ्यावर टाकली
आणि नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण
घासून ओट्यावर ठेवलं. पाच मिलीची रेघ.
माणशी तीन टोपणं, दिवसाला.
म्हणाली, सिडकोनं जमिनीचे साडेबारा टक्के दिले
तेव्हा भागवलंच ना?

एवढ्याशा तेलात मोहरी तडतडत नाही,
कुजबुजते.
कढई तिरकी धरायची, तेल एका कडेला जमवायचं,
तिथंच मोहरी, तिथंच हिंग, तिथंच मी उभा,
कान देऊन.
ओट्सला मी नाही म्हटलं.
ते भिंतीला लावायचं काहीतरी आहे.
जवसाची चटणी चालली. दुधी चालला नाही,
पण रोज येत राहिला, पाहुण्यासारखा.
एकदा हळदीच्या पानात गुंडाळलेला रावस वाफेवर आला.
"मोदकपात्रात?" मी दचकलो.
"नवीन आणलंय," ती म्हणाली. "जेवा."

जेवलो. आणि आई आठवली.
बाप मिठागरावरून यायचा, पायांना भेगा,
आई चिंचेच्या कोळात बोंबील शिजवायची,
तेलाचा थेंब नाही, तांदळाची भाकरी.
पावशेर तेल महिनाभर.
आम्ही त्याला गरिबी म्हणायचो.
कुरुपांनी तेच कागदावर लिहून दिलं,
सहाशे रुपये फी.

आता मी माझी तर्री चाखत नाही.
सून चाखते, मी तिच्या कपाळाकडे बघतो.
आठी पडली नाही की मीठ बरोबर.

मग लक्षात यायला लागलं.
बेलापूर रोडच्या कंपनीतून निवृत्त झालेले गव्हाणकर:
"आज तर्री नको रे, ॲसिडिटी."
साळवी: "पोट जरा."
तिसऱ्याचा उपवास सुटायचा होता म्हणे.
कुणी नाव घेत नाही.
पण शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद
मला कापडातूनही ओळखू येतो.

म्हणून मोठ्या पातेल्यामागे एक लहान पातेलं.
मोड आलेली मटकी, पातळ रस्सा,
फरसाणाऐवजी मुळ्याचा कीस.
पाटीवर लिहिलेलं नाही.
ज्याला हवं तो गल्ल्याजवळ तळहात पालथा ठेवतो,
झाकण लावल्यासारखा.
मी बोलत नाही. मागच्या पातेल्यात डाव घालतो.

परवा रविवारी कुरुप आले.
"दोन पार्सल."
मी थांबलो. ते रस्त्याकडे बघत राहिले,
रिक्षा मोजत असावेत.
मग हळूच हात गल्ल्यावर आला,
पालथा.
"एकच," म्हणाले.
"आणि दुसरं?"
"दुसरं बायकोचं आहे," असं म्हणून
पैसे देताना त्यांनी हात पुन्हा उलटा केला,
आणि मी, खरं सांगतो,
डाव नेमका कुठे घालायचा
ते विचारलं नाही.