सव्वापाचचा स्लॉट

कॉलेज रोडवर, बंद केकशॉपच्या वर
मृदुला क्षेमकल्याणी ललत लावते.
वीस मिनिटं. प्रायोजक एकच :
द्राक्षांवरच्या भुरीचं औषध.

बाई षड्जाच्या दारात थांबतात.
तीन सेकंद. चार.
तानपुरा यंत्राला ऐकूच येत नाही;
त्याला वाटतं, स्टेशन मेलं.
ते आपणहून घुसवतं
पाथर्डी फाट्याचे टू-बीएचके,
आणि षड्ज पडतो
थेट मास्टर बेडरूममध्ये.

सोमवारपासून इथे राशिभविष्य.
‘ऐकतं कोण?’ साहेब म्हणाले.
तिने गांगुर्ड्यांचं नाव घेतलं नाही.
सातपूरला, कंपनीच्या गेटवर असतात,
रोज मेसेज : ‘मॅडम, आजही
बाई थांबल्या तिथेच कापलं.’

शेवटच्या पहाटे तिने
यंत्राची वायर उपसून ठेवली.

पाच पस्तीसला मेसेज :
‘सहा मोजले.
गेट उघडायला उशीर झाला.’