दोन तास पाच मिनिटं

विमानातली मुलगी म्हणाली :
बोलोन्या ते किशिनाऊ, दोन तास पाच मिनिटं.
मी शेजारच्याला विचारलं, मी नीट ऐकलं ना?
एवढ्या वेळात आमच्या आर्जियाबाईंची
सूपची एक वाटी संपत नाही.

अकरा वर्षं मी तुदोरच्या मिनीबसनं गेले.
रविवारी दुपारी, स्टेशनामागच्या मोकळ्या जागेतून,
छतापर्यंत खोकी, खोक्यांवर जाड शाईनं नावं,
कुणाचं तेल, कुणाची कॉफी, कुणाचा सायकलचा पंप.
बत्तीस तास.
प्रूतच्या पुलावर रांग लागली
की तुदोर तास मोजणं सोडून द्यायचा.

पण त्या बत्तीस तासांत माझी कामं असायची.
त्रिएस्तेपर्यंत मी आर्जियाबाईंचीच :
आठची पांढरी गोळी, दहाची अर्धी,
आणि रात्री मारलेल्या हाका, कानात तशाच.
हंगेरीत, मक्याच्या शेतांमधून जाताना,
इटालियन गळायला लागायची,
आधी क्रियापदं, मग "आले, आले, बाई",
सगळ्यात शेवटी शिव्या.
आरादच्या पेट्रोल पंपावर
तोंडात आईची भाषा यायची,
पेटीत राहिलेल्या लोकरीसारखी,
जरा कुबट, पण उबेची.

क्लुज मागे पडलं की वाक्य करायला घ्यायचे.
दर खेपेला एकच, दारात म्हणायचं.
एकदा "केवढा उंच झालास",
एकदा "मी रागावलेली नाही".
एका वर्षी नुसतंच "जेवलास?"
त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

गेनादी चौथीत असताना
त्यानं नकाशावर सुतळी ठेवून मला मोजलं होतं.
चौदाशे किलोमीटरला थोडे कमी.
बाईंनी पैकीच्या पैकी दिले.
रात्री फोनवर म्हणाला,
आई, आपल्यात फक्त वीतभर आहे,
आणि माझी वीत तर अजून वाढतेय.

यंदाचं तिकीट त्यानंच काढलं.
त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा, शनिवारी.
बसनं येऊ नकोस, म्हणाला,
तू पोचशील तोवर ती चालायला लागेल.

खाली ढग. ढगांखाली कुठंतरी हंगेरी,
मका उभा असेल की कापून झाला, कळायला मार्ग नाही.
वाक्याचा पहिला शब्द जुळवते तोच
कानांना दडे बसले, विमान उतरायला लागलं.
घड्याळं एक तास पुढे करा, म्हणाले.
तो तास कुणाच्या खिशात जातो देव जाणे.
परतताना मिळतो म्हणे.
परतताना मला तो नको असतो.

आणि मग चौथा मजला, माझ्याच पैशांनी बसवलेलं दार,
दारात गेनादी, खांद्यावर ती झोपलेली.
मी तोंड उघडलं.
"पेर्मेस्सो," म्हणाले.

परक्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी
तिकडे असं विचारतात.
अकरा वर्षं, रोज सकाळी, आर्जियाबाईंच्या खोलीच्या दारात
मी तेच विचारत आले आहे.

आतून सून हसली.
गेनादी नाही हसला.
त्यानं पिशवी घेतली, बाजूला झाला.
"या," म्हणाला, पाहुण्यांना म्हणतात तसं.
मग जरा थांबून, "ये."

त्या दोन शब्दांच्या मधे
मी कशीबशी
क्लुजपर्यंत पोचले होते.